वासाचा रकाना

कोट्का बंदरात एकतीस वर्षं मी क्रेन चालवली.
चाळीस टनांचा कंटेनर उचलायचा, फिरवायचा,
आणि असा ठेवायचा
की खाली उभ्या माणसाच्या टोपीलाही वारा लागू नये.
आता तळहातावर अकरा ग्रॅमचा उंदीर आहे
आणि हात थरथरतोय.

एकूण दोनशे सहा.
तळहाताहून मोठं जनावर घ्यायचं नाही, हा नियम.
एका हत्तीसाठी मोडलाय. तो विषय नको.
काही जुन्या बाजारातले,
काही बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीत बाकाखाली सापडलेले,
काही बसथांब्याच्या खांबावर
कुणी भल्या माणसाने
हरवलेल्या हातमोज्यासारखे अडकवून ठेवलेले.

शेजारचा ऑस्मो विचारतो,
तुला मुलंबाळं नाहीत म्हणून का हे?
आहेत की. दोन.
दोघांनाही टक्कल पडलंय.

नवा आला की पिशवीत बांधून
तीन रात्री फ्रीजरमध्ये,
मटार आणि हेरिंग माशांच्या मधे.
जानेवारीत नुसती बाल्कनी पुरते.
कसर मरते.
जी उरते ती वेगळी कसर.

मग वही. आडव्या रेघांची, शाळेतली.
तारीख. जागा. जनावर. दुखापत.
आणि शेवटचा रकाना: वास.
धुण्याआधी पोटात नाक खुपसून लिहिते,
डिझेल, संत्र्याची साल.
दवाखाना.
ओला कुत्रा, पण आवडता.
काहीच नाही, बहुधा दुकानातच म्हातारा झाला.
कशासाठी, ते सांगता आलं नसतं.
बंदराची सवय. माल हलवण्याआधी
काय होतं ते लिहून ठेवायचं.

कोमट पाणी, लोकरीचा साबण, दातांचा मऊ ब्रश.
पिळायचं नाही.
टॉवेलमध्ये गुंडाळून नुसतं दाबायचं,
मग दोरीवर, कान चिमट्यात,
अक्षरशः जीव टांगणीला.
डोळ्यासाठी काळा मणी, मेण लावलेला दोरा,
गाठ मानेमागे लपवायची.
काल मध्यरात्री उंदराला डोळा लागला,
त्यानंतर कुठे मला.

एप्रिलमध्ये पाण्याचं मीटर बघायला एक मुलगी आली.
सिनी पोयहोला, कमरेला पान्हे, बुटांना चिखल.
फळीसमोर थांबली. म्हणाली, हे पाणमांजर माझं आहे.
शेपटीला लाल दोऱ्याचे सात टाके होते,
वेडेवाकडे, पुरुषी.
ते मी ठेवले होते.
दुसऱ्याचे टाके मी उसवत नाही.

तिने ते उचललं, पोट नाकाला लावलं.
वाट पाहिली.
पुन्हा लावलं.
नाहीये, म्हणाली.

साबण. माझा साबण.
जे तिने इतकी वर्षं डोक्यात जपलं
ते मी अर्ध्या तासात
निळ्या घमेल्यात धुऊन काढलं होतं,
वर स्वतःची पाठ थोपटली असणार.

वही शोधायला वेळ लागला. चष्मा शोधायला जास्त.
ऑक्टोबर २००३. फेरीबोट, खिडकीजवळचं बाक.
पाणमांजर. शेपूट पूर्वीच शिवलेली.
वास: डांबर, वेलदोड्याचा पाव, थोडा सिगारेटचा धूर.

तिने बोट धूर या शब्दावर ठेवलं
आणि तिथेच राहू दिलं.
बाबा, म्हणाली.
सोडली, सोडली म्हणून सांगायचा.

पान फाडून देता का, असं विचारलं.
वहीतलं पान मी फाडत नाही.
मग तिने पावतीच्या मागे उतरवून घेतलं,
स्वल्पविरामासकट,
आणि पाणमांजर अवजारांच्या पेटीत ठेवलं,
पान्हा आणि रबरी चकत्यांच्या मधे, तोंड वर.
मीटरचा आकडा घ्यायचा राहिलाच.

त्या रात्री त्या ओळीपुढे लिहिलं: रवाना.
वासाच्या रकान्यात जागा नव्हती,
समासात लिहिलं:
लोकरीचा साबण, माझा.

उंदराचा डावा कान अजून फाटका आहे.
सुई ओवायला घेते.
हा कशाचा वास होता, माहितीये,
पेन्सिलीच्या लाकडाचा.
आणि अजून काहीतरी होतं, ज्याला शब्द सापडला नाही,
तिथे फुली मारलीय.